लेकरांनापण संधिवात होतो, हे डॉक्टरांना शिकवायला इतका उशीर का झाला

"लेकराला कुठं वात होतो का, तो म्हाताऱ्यांचा आजार" हे बीड, परभणी, लातूर कुठंही ऐकायला मिळतं, आणि फक्त आजीच म्हणते असं नाही, डॉक्टरपण म्हणतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना हे कुणी नीट शिकवलंच नव्हतं.

आजार काही नवा नाही. १८९७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलातल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी २२ लेकरांच्या केसेस मांडल्या आणि सांगितलं की हा संधिवात मोठ्यांपेक्षा वेगळा आहे, यात गाठी येतात, प्लीहा वाढते. पण तेव्हा सगळं लक्ष रुमॅटिक फिव्हरकडं होतं, म्हणजे घशाच्या इन्फेक्शननंतर येणारा, सांधे सुजवणारा आणि हृदयाची झडप खराब करणारा ताप. इंग्लंडमधलं टॅप्लोच्या हॉस्पिटलातलं मुलांचं युनिट महायुद्धानंतर निघालं तेही त्याच्याचसाठी, मग पेनिसिलिन आलं, राहणीमान सुधारलं, ते पेशंट कमी झाले आणि कॉटवर उरली ती सांधे आखडलेली मुलं. तिथले डॉक्टर एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा अ‍ॅन्सेल यांनी त्यांनाच वाहून घेतलं आणि डॉक्टर तिथं शिकायला येऊ लागले. अमेरिकेत या विषयाची वेगळी परीक्षा १९९२ मध्ये सुरू झाली, म्हणजे तिथंपण फार जुनी गोष्ट नाही.

आमच्याकडं मराठवाड्यात रुमॅटिक फिव्हर हटलाच नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, मोठं दुखणं निघालं की हैदराबाद, मग १९५६ ला औरंगाबादचं घाटी हॉस्पिटल, १९७४ ला अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज. वॉर्डात झडप खराब झालेली लेकरं कायम असायची, परीक्षेला लाँग केस (सविस्तर तपासायचा पेशंट) तीच, आणि "सांधे चाटतो, हृदयाला चावतो" हे वाक्य बॅचमागून बॅच पाठ करायची. ते खरंच आहे. पण त्यामुळं हाताला सवय अशी लागली की सांधा सुजला, रक्तात एएसओ (घशाच्या जंतूची खूण) वाढलेला दिसला, की दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, नाहीतर टीबीचा कोर्स. एएसओ तर साध्या घशाच्या इन्फेक्शननंतरपण वाढतो. रुमॅटिक फिव्हरमध्ये दुखणं या सांध्यातून त्या सांध्यात फिरतं आणि अ‍ॅस्पिरिननं दोन-तीन दिवसांत उतरतं, जेआयए, म्हणजे मुलांचा हा संधिवात, मात्र सोळा वर्षांच्या आत सुरू होतो आणि सहा आठवडे झाले तरी सांधा सोडत नाही. एवढा फरक जरी डोक्यात बसला असता तरी कित्येक गुडघे वाचले असते.

माझ्याकडं एक चार वर्षांची मुलगी आली होती, अकरा महिने इंजेक्शनं घेऊन. आई सांगत होती, सकाळी उठली की भिंतीला धरून चालती, बाथरूमला उचलून न्यावं लागतं, आणि दुपारपर्यंत अंगणात पळती. एसटीनं दवाखान्यात पोचेपर्यंत बारा वाजायचे, तोवर सगळं नॉर्मल. सकाळचा ताठरपणा हेच तर लक्षण, पण "उठल्यावर कशी चालते" हे विचारायचं असतं हेच कुणाला शिकवलं नव्हतं. या संधिवातात डोळ्यालापण सूज येऊ शकते, आणि डोळ्याचं तर त्याहून अवघड, ना लाली ना दुखणं, आतल्या आत सूज येते, डोळ्याच्या डॉक्टरांच्या स्लिट लॅम्प मशीनवर तपासल्याशिवाय कळतच नाही.

या संधिवाताची औषधं तोवर आली होती, मेथोट्रेक्सेटचा मुलांमधला मोठा अभ्यास १९९२ चा, एटानरसेप्टचा २००० चा. मागं राहिली ती नजर. म्हणून २००६ मध्ये इंग्लंडमधून आलेली पीगॅल्स ही मुलांच्या सांध्यांची तपासणी मला फार मोलाची वाटते. दोन-तीन मिनिटं लागतात, मशीन लागत नाही. टाचांवर चाल, चवड्यांवर चाल, नमस्कार कर, आता तळहात उलटे जोड, तोंड उघडून स्वतःची तीन बोटं आत घाल. लेकरू खेळ समजून करतं आणि मनगट कुठं अडतं ते लगेच दिसतं. २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत जाणाऱ्या आरबीएसके या सरकारी बालआरोग्य तपासणी योजनेच्या टीमच्या यादीत रुमॅटिक हार्ट आहे, संधिवात नाही, पण त्या डॉक्टरांना हे एका दुपारीत शिकवता येतं.

चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या हॉस्पिटलात आता मुलांच्या या आजारांचं डीएम (एमडीनंतरचं खास शिक्षण) आहे, मुंबई-दिल्लीत जाणती माणसं आहेत, पण देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन दर महिन्याला दाखवणं शेतमजुराला झेपत नाही. निदान आणि सुरुवातीचा सल्ला तिथला असू दे, पुढचं तालुक्यातच व्हायला पाहिजे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून मी आयांना गावचा बाजाराचा दिवस विचारतो आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात तोच वार लिहून देतो.