यूएसबी-टू-सिरीयल केबलची भानगड मुळात आली कुठून
लॅबमधला वजनकाटा किंवा जुना बेंच मल्टिमीटर वीस-वीस वर्षं मजेत चालतो, लॅपटॉप मात्र चार-पाच वर्षांत बदलतो, आणि नव्या लॅपटॉपला ही यंत्रं जोडायचा तो नऊ पिनांचा सिरीयल पोर्टच नसतो, सगळं दुखणं इथूनच सुरू होतं. या पोर्टचं आरएस-२३२ स्टँडर्ड १९६० चं, तेही मोडेम आणि टेलिप्रिंटर जोडायला काढलेलं, पण सोपं आणि स्वस्त म्हणून इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी उचललं ते उचललंच. १९९६ ला यूएसबी आलं, १९९८ च्या आयमॅकने जुने पोर्ट सरळ उडवले, मग पीसीवालेही हळूहळू त्याच वाटेला गेले.

मग जुनं इन्स्ट्रुमेंट नव्या लॅपटॉपच्या यूएसबीला जोडायला मधे आली ही केबल. आपण केबलची कंपनी बघतो, पण काम करते आतली चिप. ग्लासगोची एफटीडीआय आणि तैवानची प्रोलिफिक ही त्यातली जुनी नावं, त्यामुळे त्यांच्याच चिपांच्या नकला बाजारात सुटल्या. प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरने, म्हणजे विंडोजला चिपशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरने, अशा नकला नाकारल्या, म्हणजे काल चालणारी केबल आज डिव्हाइस मॅनेजरमधे कोड १०, म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाही, असं दाखवणार. एफटीडीआयने तर कहर केला, २०१४ मधे विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी, म्हणजे पीसी तिला ज्यावरून ओळखतो तो नंबर, थेट शून्य करून टाकला, मग ती केबल दुसऱ्या पीसीलाही ओळखता येईना. बोंबाबोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला, पण २०१६ ला परत नवा खेळ, नकली चिप असेल तर डेटाच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हीच अक्षरं! वजनाच्या रीडिंगच्या कॉलममधे हे आलं तर सॉफ्टवेअरने काय करायचं?

अस्सल चिप घेतली तरी एक गोष्ट उरतेच. जुन्या पोर्टवर बाइट आला की लगेच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, यूएसबी मात्र पॅकेटने चालतं, म्हणून एफटीडीआयची चिप तिचा बफर (डेटाची तात्पुरती साठवण) भरला नाही तर डिफॉल्टला १६ मिलिसेकंदांपर्यंत वाट बघते. एक कमांड, एक उत्तर अशा प्रोग्रामला हे फार जाणवतं, ही वाट ठरवणारा लेटन्सी टायमर १ मिलिसेकंदावर आणला की फरक कळतो.

आणि कॉम पोर्टचा नंबर, म्हणजे विंडोज अशा केबलला देतं तो. चिपमधे स्वतःचा सिरीयल नंबर असेल तर विंडोज तिला कुठल्याही भोकात ओळखतं, सीएच३४० सारख्या स्वस्त चिपांत तो बहुतेक वेळा नसतोच, मग सफाई करताना कोणी केबल शेजारच्या पोर्टला लावली की कॉम ५ चा कॉम ८ होतो आणि सकाळी सॉफ्टवेअर म्हणतं इन्स्ट्रुमेंट सापडत नाही.