परदेशात नळाचं पाणी की बाटलीचं? प्रश्न कुठून आला त्याची पार्श्वभूमी

आपल्या अकोला, बुलडाणा, यवतमाळकडचे पोट्टे आता शिष्यवृत्तीवर लंडन-एडिनबराला जातात, कोणी जर्मनीत शिकायला नाहीतर नर्सिंगला, कोणी आयर्लंडला, आणि आखातात तर दोन पिढ्यांपासून माणसं आहेत. निघायच्या आधी घरातून हटकून एक प्रश्न येतो, बावा तिकडं नळाचं पाणी चालते का विकतचंच घ्या लागते? बॅगेत लोणचं, मेतकूट आणि बऱ्याचदा पाचपन्नास ग्रॅमचं ते टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती काय विरघळलंय त्याचा आकडा दाखवणारं यंत्र, पण जाते. हे मीटर बॅगेत काहून आलं ते समजून घेतल्याशिवाय पुढची निवड नीट होणार नाही असं मला वाटते.

तिकडचा जुना इतिहास थोडक्यात. युरोपात नळावर विश्वास आपोआप बसला नाही, माणसं मेली तेव्हा बसला. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात कॉलरा आला, साडेआठ हजारांच्या आसपास लोकं गेले. शेजारी लागूनच आल्टोना गाव, तेही एल्बे नदीचंच पाणी घ्यायचं आणि तेही हँबुर्गची घाण मिसळल्यावरचं, पण वाळूतून गाळून द्यायचे म्हणून तिथं फार कमी मेले. हँबुर्ग न गाळताच सोडत होतं. पुढच्याच वर्षी तिथं गाळणी केंद्र सुरू झालं. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत नळाला कायमचं क्लोरीन सुरू झालं, आणि मग पन्नास-साठ वर्षांत तिकडं नळ म्हणजे प्यायचंच पाणी हे पक्कं झालं.

आपल्याकडं उलटं झालं. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून आठ-नऊशे गावं, तिथं जमिनीतलं पाणीच खारं. तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांडं वाळलं की पांढरी किनार उरते. ज्यानं हे पाणी लहानपणी प्यायलं त्याला पाण्याची चव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गोड्या पाण्याची एखादी विहीर असली तर अख्खं गाव गुंड घेऊन तिथंच. पुढं वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडं ८४ खेडी योजना आली, पण नळ आला म्हणजे रोज आला असं नाही.

यवतमाळ-चंद्रपूरकडं दुखणं वेगळं. साठच्या दशकाच्या शेवटी आणि मग ७२ च्या दुष्काळात खडक फोडणारी मशिनं आली, गावोगाव बोरिंग झाल्या, सोलापूरकडच्या हातपंपावरून सुधारून केलेला इंडिया मार्क २ पंप सत्तरच्या दशकात तयार झाला आणि देशभर गेला. त्यानं लाखो घरांचा नाल्यातल्या गढूळ पाण्यापासून बचाव केला, हे विसरू नये. पण पांढरकवडा, झरी, मारेगावकडच्या कित्येक बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड निघालं. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांचे गुडघे आणि पाठ आखडलेली. आणि हे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला कधी कधी चांगलंच गोड.

बाटली आली ती शहरातून. बिसलेरी १९६५ मध्ये मुंबईत आली तेव्हा काचेची बाटली होती आणि मोठ्या हॉटेलांपुरती होती. खेड्यात बाटलीबंद पाणी शिरलं ते नव्वदीनंतर लग्नात आणि एसटी स्टँडवर. २९ मार्च २००१ पासून सीलबंद पाण्याला आयएसआय शिक्का सक्तीचा झाला (ही सक्ती २०२४ मध्ये निघाली), २००३ च्या फेब्रुवारीत नामवंत बाटल्यांमध्येच कीटकनाशकं सापडल्याचा अहवाल आला, त्यावर गदारोळ झाला, नियम कडक झाले. आणि तोपर्यंत तालुक्याच्या गावी आरओ प्लांट (बारीक पडद्यातून पाणी दाबून खनिजं काढणारा) टाकून २० लिटरच्या थंड जारचा धंदा सुरू झालेला, जो त्या शिक्क्याच्या बाहेरच राहिला कारण तो जार सीलबंद नाही. ऑटोत जार, दारात जार, तेरवीला जार. आज खारपाणपट्ट्यात जारशिवाय कार्यक्रम होत नाही, आणि लोकांना दोष देता येत नाही.

आता खरी गुंतागुंत, ५०० चा आकडा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून लिटरला किती मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं लिहिलंय. हा ५०० मुख्यतः चवीचा आणि वापराच्या सोयीचा आकडा आहे, विषाचा नाही. जागतिक पातळीवर टीडीएसला आरोग्याची म्हणून मर्यादाच ठेवलेली नाही, हजाराच्या वर पाणी बेचव लागायला लागते एवढंच म्हटलंय. पण आरओ मशीन विकणारा घरी येऊन काय करायचा ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवेल. दोन ग्लास, एकात नळाचं, एकात आरओचं, दोन्हीत त्याच्या त्या वायरीवाल्या दांड्या बुडवायच्या, मिनिटभरात नळाचा ग्लास तपकिरी गढूळ होतो, आरओचा तसाच राहतो. आजी तोंडाला पदर लावून बघते, मशीन विकली जाते. तो तपकिरी गाळ बहुतेक दांडीतल्या लोखंडाचा असतो. खनिजं असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून दांडी झिजते, आरओच्या पाण्यातून नीट वाहत नाही म्हणून झिजत नाही, बस. पाण्यातली घाण त्यात कुठंच मोजली जात नाही. मीटरही वीजच मोजते. जंतू, फ्लोराइड, शिसं यातलं काहीच ते वेगळं दाखवत नाही.

मग मे २०१९ मध्ये पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या लवादानं सरकारला सांगितलं की जिथं टीडीएस ५०० च्या खाली तिथं आरओला बंदी करा, आणि जिथं परवानगी द्याल तिथं ६० टक्के तरी पाणी वापरात आलं पाहिजे, कारण घरगुती मशीन एका लिटरमागं तीनेक लिटर मोरीत सोडते. मशीनवाले सर्वोच्च न्यायालयात गेले, नोव्हेंबरमध्ये स्थगिती मिळाली नाही, २०२० च्या सुरुवातीला नियमांचा मसुदा आला. पाणी वाया जाण्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता आणि धरणाचं चांगलं पाणी मिळणाऱ्या शहरात आरओ लावणं खरंच उधळपट्टी आहे. पण एकट्या आकड्यावर रेष ओढली तिथं आमच्यासारख्यांचं बिनसलं. फ्लोराइड बऱ्याचदा कमी कॅल्शियमच्या मऊ पाण्यात जास्त विरघळते, म्हणजे टीडीएस ५०० च्या खाली आणि फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर, असं बोरिंग असू शकते. त्या घरातून आरओ काढून घ्यायचा? मशीन विकणाऱ्यानं आणि बंदी सांगणाऱ्यानं दोघांनी एकच आकडा धरला, ही माझी तक्रार आहे. २०१९ च्याच १५ ऑगस्टला घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटरची घोषणा झाली, तिचं पाणी बऱ्याच ठिकाणी अजून पाइपातच आहे.

धसका कसा असतो ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस गळून टक्कल पडायला लागलं तेव्हा पहिलं बोट पाण्याकडंच गेलं. नंतरच्या तपासात रक्तात सेलेनियम जास्त सापडलं आणि संशय रेशनच्या गव्हाकडं वळला. तरी पाण्यावर आधी संशय घेणं खारपाणपट्ट्यातल्या माणसाला शोभूनच दिसते.

तर हाच धसका आणि हेच मीटर घेऊन पोरगं जर्मनीत उतरते. खोलीतल्या नळात मीटर घालते, आकडा तीनशे-चारशे, किटलीत पांढरा थर, झालं, सुपरमार्केटातून बाटल्यांचे क्रेट उचलणं सुरू, वर बाटलीमागं २५ सेंटचं डिपॉझिट. आणि तिथलंच गेरोलस्टाइनर नावाचं प्रसिद्ध बाटलीबंद पाणी, त्यात लिटरला २४०० मिलिग्रॅमच्या वर खनिजं असतात आणि लोकं त्यासाठीच ते पैसे देऊन पितात. बाटली म्हणजे जास्त शुद्ध हेही खरं नाही. १९९० मध्ये पेरिए या फ्रेंच पाण्याच्या बाटल्यांत बेंझिन हे विषारी रसायन सापडलं आणि जगभरातून १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये एका शीतपेय कंपनीनं नळाचंच पाणी आणखी शुद्ध करून बाटलीत विकलं, त्या प्रक्रियेतच ब्रोमेट नावाचं घातक रसायन मर्यादेच्या वर गेलं आणि सगळा माल मागं घेतला.

आखातात गंमत उलटी. तिथं नळाला समुद्राचं मीठ काढलेलं पाणी, त्यामुळं मीटर मस्त कमी आकडा दाखवते आणि आपला माणूस खूश. प्रकल्पातून निघतं तेव्हा ते चांगलंच असते. प्रश्न असतो इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा, ती कधी धुतली, झाकण आहे का, उन्हानं पाणी किती तापते. कामगारांच्या खोल्यांवर लोकं १८.९ लिटरचा कॅन घेतात ते याच्यामुळं, आणि टाकीची खात्री नसेल तिथं ते बरोबरच करतात. आयर्लंडमध्ये तर २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात डब्लिनकडच्या सहा लाख लोकांना पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं होतं, लिक्सलिपच्या शुद्धीकरण केंद्रात गडबड झाली म्हणून. मीटरला त्यातलं काही कळलं नसतं. सूचना वाचणाऱ्याला कळलं.

जर्मनीत आता जो मुद्दा चाललाय तो शिशाच्या पाइपांचा आहे. पालिका देते ते पाणी स्वच्छ, पण जुन्या इमारतीत शेवटचे काही मीटर पाइप घरमालकाचे. १९७३ नंतर बांधलेल्या घरात शिशाचे पाइप सहसा नसतात. २०२३ च्या नव्या नियमानं उरलेले पाइप १२ जानेवारी २०२६ पर्यंत काढा किंवा बंद करा असं घरमालकांना बंधन घातलं. म्हणून तिकडं खोली घेताना इमारत कोणत्या सालची ते विचारायचं, जुनी असेल तर पाइप बदलल्याचं लेखी मागायचं, आणि नळात चार तासांच्या वर साचलेलं पाणी थंड लागेपर्यंत सोडून मगच प्यायला भरायचं, सोडलेलं झाडांना घालता येते.