चित्रफाईलींचे स्वरूपांतर

चित्रफाईलींचे स्वरूपांतर : एका स्वरूपात साठवलेले चित्र उलगडून दुसऱ्या स्वरूपात पुन्हा बांधण्याची क्रिया. व्यवहारात 'कन्व्हर्ट करणे' किंवा 'जेपीजी करून देणे'. फाईलच्या नावामागची तीन-चार अक्षरे बदलल्याने स्वरूप बदलत नाही. ते ठरते आतल्या बाइटांवरून : पीएनजी फाईलच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटांत 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरेच रोमन लिपीत लिहिलेली असतात.

फोटोंसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जेपेग (फाईलनावात 'जेपीजी') या स्वरूपाच्या मानकाचे साल कोठे १९९२ तर कोठे १९९४ दिलेले आढळते. मानक तयार करणारा संयुक्त तज्ज्ञगट १९८६ मधला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मानक सप्टेंबर १९९२ मध्ये मंजूर केले आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तेच १०९१८-१ या क्रमांकाने १९९४ मध्ये काढले. मजकूर एकच असल्याने १९९२ धरणे अधिक सयुक्तिक. चित्र कसे आवळायचे हे या मानकाने सांगितले, पण फाईलची बांधणी पुरेशी बांधून दिली नाही. ती उणीव जेएफआयएफ या त्याच सुमाराच्या संकेताने भरून काढली. काटेकोरपणे पाहता आजची 'जेपीजी' ही बहुधा जेएफआयएफ किंवा एक्झिफ (कॅमेऱ्याची माहिती सोबत ठेवणारी बांधणी) फाईल असते.

जेपेगच्या मुळाशी असलेल्या विविक्त कोज्या रूपांतर (डीसीटी) या गणिती पद्धतीविषयीचा निबंध बंगळूरात जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. अहमद स्वतः ही कल्पना १९७२ ची सांगतात. येथे छापील साल धरले आहे. या पद्धतीत चित्राचे ८×८ बिंदूंचे (पिक्सेलांचे) चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनाचे ६४ गुणांक, म्हणजे त्यात ढोबळ व बारीक तपशील किती हे सांगणारे आकडे, काढतात, त्यांना ठरावीक संख्यांनी भागतात आणि आलेला आकडा जवळच्या पूर्णांकात बसवतात. बारीक तपशिलाचे बरेच गुणांक येथे शून्य होतात. खरी हानी या पायरीवर होते आणि ती भरून येत नाही. जेपीजीची पीएनजी केली तर फाईल बहुधा फुगते, गेलेला तपशील मात्र परत येत नाही. देवनागरी मजकुराच्या चित्रात हे चटकन दिसते : शिरोरेषेच्या कडेला करड्या ठिपक्यांची धूळ उठते.

जिफ (१९८७) हे आणखी एक चित्रस्वरूप एका चित्रात २५६ रंगांपुरते मर्यादित. त्यातील एलझेडडब्ल्यू या आवळण्याच्या पद्धतीच्या पेटंटवरून १९९४ च्या अखेरीस वाद झाला आणि त्यातून पीएनजी (१९९६) आले. पीएनजीत हानी नाही, शिवाय अर्धपारदर्शकता टिकते. जेपीजीत पारदर्शकतेला जागाच नाही.

नाशिकमध्ये फ्लेक्स व लग्नपत्रिकांची दुकाने आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रे येथे हे काम रोजचे. पंचवटीतल्या एखाद्या मंडळाचे बोधचिन्ह मोबाइलवरून फोटो म्हणून धाडले की वाटेत त्याची जेपीजी होते आणि भगव्या फ्लेक्सवर चिन्हाभोवती पांढरा चौकोन उमटतो. म्हणून डिझायनर आधी 'ओपन फाईल आहे का?' असे विचारतो. त्याला कोरल या आरेखनाच्या सॉफ्टवेअरची सीडीआर फाईल हवी असते, जिच्यात चित्र बिंदूंऐवजी रेषांनी साठवता येते. ती नसली तर चित्र 'ट्रेस' करावे लागते, म्हणजे बिंदूंवरून रेषा पुन्हा आखाव्या लागतात. याला स्वरूपांतर म्हणण्यापेक्षा पुनर्रेखन म्हणणे बरे. लहान जेपीजी दहा फुटांवर ताणली की 'फाटते', म्हणजे तिचे बिंदू सुटे दिसू लागतात, ती कोणत्याही स्वरूपात बदलली तरी.

अर्जाच्या केंद्रांवर प्रश्न निराळा असतो. बँक भरतीच्या अर्जांत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी अट असते. जेपीजी साठवताना निवडायचा गुणवत्तेचा आकडा उतरवण्याआधी लांबी-रुंदी कमी केली तर चेहरा स्वच्छ राहतो. घाईत उलटे केले जाते आणि गालांवर चौकोन दिसू लागतात. २०१७ पासून आयफोनमध्ये आलेले एचईआयसी स्वरूप अनेक अर्ज स्वीकारत नाहीत. अशा फाईलचे नुसते नाव बदलून '.जेपीजी' केल्यास ती सहसा चढत नाही; चढलीच तर फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते.