कुत्र्याची चामखीळ आणि कातडीचा कॅन्सर: घाई कुठं करायची आणि थांबायचं कुठं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्याकडं कुठंही जावा, कुत्र्याच्या अंगावर काही उगवलेलं दिसलं की दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे "चामखीळ हाय की ओ, चुना लावून सोडा" आणि दुसरा "कॅन्सर झालाय, आता खर्च करून काय उपयोग नाही". बघून बघून माझं मत असं झालंय की दोन्हीकडं आपलं उलटं चाललंय, जी गाठ आपली आपण गळून पडणार तिला बिब्बा लावून, दोरा बांधून कुत्र्याचे हाल करतोय आणि जी जखम महिना झाला तरी भरेना तिच्यावर हळद टाकून गप्प बसतोय.

आधी चामखीळ घेऊ. वर्षाच्या आतबाहेरचं पिल्लू असतं, ओठाच्या आत पांढरट-गुलाबी बारीक दाणे येतात आणि बघता बघता त्याचे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे झुबके होतात, जिभेवर, हिरडीवर, टाळूला, एकदम दहा-वीससुद्धा. घरातले घाबरतात, घाबरणारच, दिसायलाच तसं असतंय. पण हे पॅपिलोमा व्हायरसचं काम. एका कुत्र्याचं दुसऱ्याला लागतं, एकत्र खेळून, एकाच थाळीत खाऊन, एकच बॉल चावून, आणि लागल्यावर लगेच दिसत नाही, एक-दोन महिने जातात, त्यामुळं कुठल्या कुत्र्याकडून आलं ते कळतच नाही. अंगातली प्रतिकारशक्ती एकदा जागी झाली की बहुतेक वेळा एक-दोन महिन्यांत, कधी तीन-चार महिन्यांत, सगळं झडून जातं आणि तोच व्हायरस त्या कुत्र्याला सहसा परत त्रास देत नाही. "पोरांना लागतंय काय ओ?" हे शेजारच्या काकू हमखास विचारतात, तर नाही, माणसाला लागत नाही, मांजराला लागत नाही, आणि गोठ्यातल्या गाईच्या आचळावर चामखिळी असतील तर त्या कुत्र्याला आल्यात असंही नाही, प्रत्येक जनावराचा पॅपिलोमा व्हायरस वेगळा.

मग ह्यात कॅन्सर कुठनं घुसला? माणसांमुळं. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पॅपिलोमा व्हायरसमुळं होतो हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं, त्यावरची लस आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं व्हायरसचं नाव ऐकलं की लोक सरळ कॅन्सरवर येतात. गंमत नाही, खरंच सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या लसीच्या वाटेवर कुत्र्यांचा मोठा हात आहे, १९९५ मध्ये बीगल कुत्र्यांना कुत्र्यांच्याच पॅपिलोमा व्हायरसच्या नुसत्या बाहेरच्या कवचाचं प्रोटीन टोचलं आणि त्यांना तोंडातल्या चामखिळी झाल्या नाहीत, माणसाची लस पुढं त्याच तत्त्वावर आली. पण म्हणून पिल्लाच्या तोंडातली चामखीळ कॅन्सर होत नाही, तसं होणं फारच क्वचित.

आता दुसरी बाजू, आणि इथं मला जास्त बोलायचंय. कातडीचा आणि तोंडाचा जो कॅन्सर चामखिळीशी घोटाळ्यात सापडतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. बैलाच्या शिंगाचा कॅन्सर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगतो, तोही ह्याच जातीचा. हा सहसा वय झालेल्या, आठ-दहा वर्षांच्या कुत्र्याला होतो आणि बहुतेक वेळा एकाच जागी. झुबका कमी, जखमच जास्त. लाल, खरबरीत, मधनं फुटलेली, खपली धरते, पडते, परत रक्त येतं. हिरडीवर असेल तर तिथला दात हलायला लागतो, तोंडाला वास मारतो, एकाच बाजूनं खातो. पांढऱ्या, विरळ केसांच्या कुत्र्यांना, डाल्मेशियन, बुल टेरियर असले, पोटाच्या उघड्या कातडीवर उन्हानं होतो, दिवसभर गच्चीवर उताणं पडायची सवय असलेल्यांना तर लक्ष ठेवायलाच हवं. आणि सगळ्यात जास्त फसवतं ते बोट. काळा लॅब्राडोर, रॉटवायलर अशी मोठी काळी कुत्री, एका बोटाला सूज, नख मोडलं, लंगडतंय, सगळे म्हणतात दगड लागला, नखात पू झाला, अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, थोडं बरं वाटतं आणि परत तेच. तोवर आतलं हाड खाल्लं जात असतंय. एक एक्स-रे काढला असता तर कळलं असतं. वेळेत ते बोट काढलं तर कुत्रं छान पळतं हो, एका बोटावाचून त्याचं काही अडत नाही, पण ऑपरेशन म्हटलं की घरातले मोठे "नको, देवानं दिलंय तसं राहू दे" म्हणतात आणि मला फार वाईट वाटतं.

दोन्ही एकमेकांना कधी भेटतच नाहीत असं मात्र नाही. पग जातीत पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला काळे चपटे खरबरीत डाग येतात, तेही पॅपिलोमा व्हायरसचेच पण वेगळ्या प्रकारचे, ते आपोआप जात नाहीत, बहुतेक आयुष्यभर तसेच पडून राहतात आणि थोड्यांचा पुढं कॅन्सर होऊ शकतो. म्हणून असा डाग अचानक जाड झाला, फुटला, तर थांबायचं नाही. तसंच ज्यांची प्रतिकारशक्ती मार खाल्लेली आहे त्यांचं. खाज सुटली म्हणून मेडिकलमधनं आणून स्टेरॉइडच्या गोळ्या चालूच ठेवतात ना, त्या कुत्र्याच्या चामखिळी जायच्या ऐवजी पसरतात, डॉक्टरांना गोळ्यांचं नाव न लपवता सांगा. अचानक बंद पण करू नका, कशा कमी करायच्या ते तेच सांगतील.

अजून एक तिसरं, पटकन सांगतो, फिरत्या कुत्र्यांच्या लघवीच्या जागी जे लालबुंद, रक्त गळणारं मांस वाढतं ते ना चामखीळ ना हा कॅन्सर, ती टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर) नावाची गाठ, मिलनातून एकाच्या गाठीच्या पेशीच दुसऱ्यात जाऊन रुजतात. व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे दिली की बहुतेक पूर्ण बरी होते, म्हणून असल्या गल्लीतल्या कुत्र्याला "सडलंय" म्हणून हाकलू नका.

चामखिळीवर चुना, पापडखार, बिब्बा काही लावू नका, कुत्रं चाटतं आणि तोंड, अन्ननळी भाजते. पिल्लू खातंपितं असेल तर मऊ जेवण द्या, थाळी वेगळी ठेवा, बरं होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका. दर आठवड्याला शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा म्हणजे वाढतंय की कमी होतंय ते कळतं. खाता येईना, सारखं रक्त येतंय, किंवा तीन महिने झाले तरी तसंच आहे, तर दवाखाना. मोठ्या कुत्र्याची एकच गाठ किंवा न भरणारी जखम असेल तर तीन महिने नाही, दोन-तीन आठवडेसुद्धा पुष्कळ झाले, आणि तिथं नुसता सुईनं वरवरचा नमुना घेऊन भागत नाही, वरच्या थरात बऱ्याचदा पू आणि सूजच दिसते, तेव्हा डॉक्टरांना विचारा की खोलवरचा तुकडा काढून तपासायला पाठवणार काय. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो सडू न देणाऱ्या औषधात, जातो आणि बाहेरच्या लॅबला पाठवता येतो, त्यामुळं गावात मोठा दवाखाना नाही म्हणून तपासणी राहिली असं होऊ देऊ नका.