माजी विद्यार्थिनीची महाविद्यालयसेवा (कोल्हापूर)

शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनीने आपल्या महाविद्यालयासाठी पुढे आयुष्यभर, बहुधा विनामोबदला, केलेले काम. पदवीनंतर तेथेच प्राध्यापिका होऊन निवृत्तीनंतरही प्रवेशाच्या गर्दीत मदतीला येणारी आणि नोकरी-संसार अन्यत्र थाटूनही महाविद्यालयाची वाट न विसरणारी, अशा दोघीही यात येतात. मेळाव्याला येऊन फोटो काढणे मात्र यात धरू नये.

कोल्हापुरात या वृत्तीचे मूळ महाविद्यालयांपेक्षा बोर्डिंगांत सापडते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. ‘वसतिगृहांची जननी’ हे शहराचे बिरुद त्यातूनच आले. समाजाच्या मदतीवर शिकलेल्याने पुढे स्वतः मदत करावी, ही अपेक्षा त्या व्यवस्थेतच होती. पण ही बोर्डिंगे मुख्यतः मुलांची. गोपाळ कृष्ण गोखले ज्याचे विद्यार्थी होते ते राजाराम कॉलेज १८८० पासूनचे. खास मुलींसाठीचे, ताराराणी विद्यापीठाचे कमला कॉलेज पुष्कळ नंतरचे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीही कोल्हापूरचीच मिळू लागली.

सेवेचे सर्वांत रुळलेले रूप म्हणजे पारितोषिक ठेव. आई-वडिलांच्या किंवा शिक्षकांच्या नावे रक्कम ठेवायची आणि व्याजातून एखाद्या विषयात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस द्यायचे. व्याजदर उतरले, महागाई चढली, की जुन्या ठेवीचे बक्षीस हारतुऱ्याच्या खर्चाहूनही लहान होते; म्हणून जाणती देणगीदार मुद्दलात अधूनमधून भर घालते. याहून मोलाचे, पण अहवालात क्वचितच येणारे काम वेगळेच असते: फी अडलेल्या मुलीची गुपचूप सोय करणे, शिक्षण थांबवू नका म्हणून तिच्या घरच्यांना समजावणे, पहिल्या नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकणे.

कायद्याने या नात्याला थोडी जागा दिली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीवरील स्थानिक सदस्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधर १० प्रतिनिधी निवडून देतात. त्यांपैकी एक जागा महिलेसाठी राखीव असते. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असल्यामुळे माजी विद्यार्थी संघाची फाईल मूल्यांकनाच्या वर्षी एकदम जाड होते.

विद्यार्थिनींच्या बाबतीत एक अडचण खास त्यांचीच. महाविद्यालयाच्या रजिस्टरात नाव माहेरचे, देणगीच्या पावतीवर सासरचे. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे कार्यालयातील जुन्या कारकुनाला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की यादीत त्या दोघी होतात, आणि मेळाव्याचे निमंत्रण माहेरच्या जुन्या पत्त्यावर जात राहते.