बधिर पायांतली आग

पाय हलत नाहीत. चिमटा काढला, गरम चहा सांडला तरी कळत नाही. आणि त्याच पायांत रात्री आग आग होते, सुया टोचतात, मध्येच करंट बसल्यासारखी कळ मांडीपासून बोटांपर्यंत जाते. झाडावरून, स्लॅबवरून पडून किंवा गाडीच्या अपघातात मज्जारज्जूला मार लागलेल्या माणसांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती ऐकून घरचे गोंधळतात. जिथं काही समजतच नाही तिथं दुखेल कसं? 'मनाचे खेळ आहेत' असं म्हणून विषय संपवला जातो. तो माणूस मग दुखणं सांगणंच बंद करतो, आणि त्याचं खचणं बहुतेकदा इथून सुरू होतं.

म्हणून पहिल्यांदा हे स्पष्ट सांगायला हवं की ही वेदना खरी असते. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर निम्म्याच्या आसपास लोकांना ती होते आणि अनेकांना वर्षानुवर्षं सोबत करते.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कमरेच्या वरच्या मणक्यापर्यंत उतरणारी, साधारण 45 सेंटिमीटर लांबीची, करंगळीएवढी जाड दोरी. पायातून निघालेला वेदनेचा आणि तापमानाचा संदेश तिच्यातून वर चढतो, मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये पोचतो आणि तिथून पुढे 'उजव्या अंगठ्याला चटका बसला' असा अर्थ लागतो. मणका मोडून मज्जारज्जू चेंगरली की ही वाट तुटते. पण तुटलेल्या जागेच्या वर, मेंदूकडच्या पेशी जिवंतच असतात. एखाद्या गावाहून बातमी येणं थांबलं की त्या गावाबद्दल अफवा उठतात, तसं मेंदूत होतं. संदेश मिळेनासे झालेल्या पेशी आपणहून संदेश सोडू लागतात, आणि मेंदूच्या नकाशात त्या पायांच्या असल्यामुळे दुखतात ते पाय. दुखापतीच्या जागीही शांतता नसते. तिथल्या पेशींना आवर घालणारी रसायनं कमी पडतात, सूज आणणाऱ्या पेशी जाग्या राहतात, आणि साध्या स्पर्शालाही जळजळीचं उत्तर मिळू लागतं. छातीभोवती किंवा पोटाभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटतं ते याच जागेचं दुखणं. पायांतली आग मात्र अनेकदा काही महिन्यांनी सुरू होते. घरी येऊन जरा घडी बसत असतानाच ती सुरू झाली की माणूस जास्त घाबरतो.

व्हीलचेअर ढकलून, हातांवर भार देऊन पलंगावर सरकून खांदे दुखतात, ते दुखणं वेगळं. ते स्नायूंचं आणि सांध्यांचं असतं, त्याला फिजिओथेरपी आणि साधी वेदनाशामकं लागू पडतात. नसांच्या आगीवर ती फारशी चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांना 'दुखतंय' एवढंच न सांगता कुठं दुखतं, जळतं की ठणकतं, कशानं वाढतं हेही सांगावं. औषध त्यावरून ठरतं.

आता मनाकडे वळू. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडलं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून सरळ वर जात नाही. वाटेत एक द्वार असतं आणि ते कमीजास्त उघडतं. पुढच्या संशोधनातून कळलं की मेंदूच्या तळापासून खाली येणारे तंतू या द्वारावर नियंत्रण ठेवतात, आणि ते सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं वापरतात. नैराश्यात बिघडतात त्या व्यवस्थांमध्येही हीच रसायनं असतात. दुखण्यानं झोप मोडते, झोप मोडल्यानं मन खालावतं, खालावलेल्या मनाचा वेदनेवरचा ताबा सुटतो आणि दुखणं आणखी चढतं. 'आधी दुखणं थांबू दे, मग मनाचं बघू' हा क्रम मला म्हणूनच चुकीचा वाटतो. दोन्हींचे उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत.

याला आधार देणारा एक छोटा पण बोलका अभ्यास 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर नसांची वेदना असलेल्या 38 जणांना आळीपाळीनं अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं जुनं औषध, गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचं औषध आणि तुलनेसाठी तिसरं औषध दिलं गेलं. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं ठळक होती, त्यांची वेदना अ‍ॅमिट्रिप्टिलीननं जास्त उतरली.

नैराश्याबद्दल एक समज फार नुकसान करतो. 'एवढं झाल्यावर माणूस खचणारच' असं आपण सहानुभूतीनं म्हणतो. पण अनेक अभ्यास एकत्र केले तर अशा दुखापतीनंतर नैराश्याचा आजार असलेल्यांचं प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास निघतं. सर्वसाधारण लोकांपेक्षा ते बरंच जास्त आहे, तरी बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. दुःख होणं, रडू येणं स्वाभाविक आहे. मात्र नैराश्य हा वेगळा आजार आहे, तो बरा होऊ शकतो, आणि 'साहजिकच आहे' म्हणून सोडून दिला तर उपचारांविना राहतो. तो ओळखणं इथं अवघड जातं, कारण थकवा, भूक मंदावणं, झोप न लागणं हे नुसत्या दुखापतीनंही होतं. त्यामुळे दुसऱ्या खुणा बघाव्यात. आवडीची मॅच लागली तरी मान फिरवणं, मित्राचा फोन न घेणं, 'मी घरावर ओझं आहे' असं वारंवार म्हणणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

औषधांकडून अपेक्षा योग्य असावी. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन ही आज प्रामुख्यानं दिली जाणारी औषधं. ती चेतापेशींच्या टोकाशी कॅल्शियम आत जाणं कमी करतात, त्यामुळे पुढच्या पेशीला चिथावणारी रसायनं कमी सुटतात. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरच्या वेदनेसाठी प्रीगॅबालिनला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. पण वेदना शून्यावर येणं विरळाच. ती तिसऱ्या हिश्शानं कमी झाली तरी डॉक्टर औषध लागू पडलं असं मानतात. या औषधांनी गुंगी येते, पायांवर सूज येते, आणि ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीननं बद्धकोष्ठ होतं आणि लघवी तुंबते. मज्जारज्जूच्या रुग्णाला हे दोन त्रास आधीच असतात, तेव्हा डॉक्टरांना ते आठवणीनं सांगावं. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची गोळी आणि नैराश्याचं औषध परस्पर एकत्र घेऊ नये. सेरोटोनिन घातक पातळीपर्यंत वाढू शकतं.

गोळ्यांइतकाच भरवसा मी व्यायामावर ठेवीन. कॅनडात 34 जणांच्या एका अभ्यासात काहींनी नऊ महिने आठवड्यातून दोनदा हातांचा व्यायाम केला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची ताकद तर वाढलीच, शिवाय वेदना, ताण आणि नैराश्यही कमी राहिलं. लुडविग गटमन या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात 1944 पासून हाच मार्ग धरला होता. तिथल्या 1948 च्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. पुढे ते पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. अर्थात हे उदाहरण देऊन घरातल्या माणसाला टोचू नये. त्याच्यासाठी रोज अर्धा तास उन्हात बसून रबरी पट्टा ओढणं हीसुद्धा मोठी मजल असते. संज्ञानात्मक वर्तन उपचारांतही हेच शिकवतात. दुखणं संपायची वाट न बघता, दिवसाची कामं छोट्या तुकड्यांत वाटून घ्यायची आणि 'हे असंच वाढत जाणार' या विचाराला तपासून बघायचं.

एक सावधगिरी. जुनी वेदना अचानक वाढली किंवा नव्या जागी सुरू झाली तर 'नेहमीचंच' म्हणू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेला कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, शौचाचा खडा, बेडसोर, पायात गुपचूप झालेलं फ्रॅक्चर, किंवा काही वर्षांनी मज्जारज्जूत तयार झालेली पाण्याची पोकळी, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल आणि डोकं फुटेल असं दुखून घाम सुटत असेल, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. माणसाला ताठ बसवावं, कपडे सैल करावेत, कॅथेटर तपासावा आणि लगेच रुग्णालय गाठावं.

आणि मरणाची भाषा ऐकू आली तर टाळू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं थेट विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. रात्र रात्र कूस बदलून देणारी आई, बायको किंवा भाऊ यांनीही तिथं स्वतःसाठी फोन करावा.