टर्कीला उलटी हाक

रानटर्कीच्या जगात साद घालतो नर आणि चालत जाते मादी. शिकाऱ्याला घडवायचं असतं नेमकं उलटं. म्हणजे तो मादीच्या आवाजात नराला म्हणतो, "तूच ये." अमेरिकेतल्या वसंतातल्या टर्की-शिकारीची सगळी मेख इथे आहे.

या पक्ष्याचा कानावर भरवसा किती? प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक वोल्फगांग श्लाइट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बहिऱ्या केलेल्या टर्की माद्यांनी स्वतःचीच पिल्लं टोचून मारली. पिल्लू डोळ्यांसमोर होतं, पण त्याची चिवचिव ऐकू येत नव्हती. आईच्या लेखी तो घुसखोर ठरला.

तेव्हा आवाज जमायलाच हवा. मूळ अमेरिकी लोक टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडातून हवा ओढून तो काढत. पुढे लाकडी पेटी आली. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लांबट, पातळ भिंतींची पेटी आणि वर खडू लावलेलं झाकण, एवढाच तिचा संसार. झाकण काठावर फिरवलं की ते सरळ घसरत नाही. अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं, सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती याचसाठी. पोकळ पेटी मग तो आवाज मोठा करते. तोंडात टाळूला चिकटवायची रबरी पडद्याची शिट्टी शिकायला अवघड, पण हात मोकळे राहतात.

मादीच्या नेहमीच्या हाकेतला प्रत्येक स्वर जोड असतो: सुरुवात वरच्या पट्टीत, स्वच्छ, शेवट खाली उतरलेला, खरखरीत. मात्र सूर थोडा ढळला तरी चालतं. खऱ्या माद्यांचे गळे तरी कुठे सारखे असतात! लय चुकली की संपलं. त्यातही जपायचं ते 'क्लक' काढताना. हा सौम्य, सुटा आवाज. तोच तीक्ष्ण आणि घाईने निघाला की धोक्याचा 'पट्' होतो, आणि पक्षी पसार.

नवशिक्याची खरी चूक मात्र वेगळीच. नराने एकदा उत्तर दिलं की तो हर्षभरित होऊन पेटी घासतच राहतो. नर काय समजतो? बाई उत्सुक आहे, येईलच. मग तो बंदुकीच्या टप्प्याबाहेर पिसारा फुलवून उभा राहतो. त्याचा हा शहाणपणा आपल्याला हट्ट वाटतो.

जाणता शिकारी अशा वेळी गप्प बसतो. फार तर हाताने वाळका पाचोळा थांबून-थांबून उकरतो, चरणाऱ्या मादीसारखा. नराचा आवाज तो सहसा काढत नाही. झुडपाआड दुसरा बंदूकधारी असू शकतो, आणि तो यालाच नर समजून नेम धरेल. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा, निळा रंग असतो, म्हणून ते रंग अंगावरही नकोत.

पुढे कधी तासाभराने नर येतो. बरेचदा न बोलता, आणि पाठीमागून.